गार केवढी? सुपारीएवढी!

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुनी मंडळी अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. 1928 साली हवामानखात्याचे बिऱ्हाड सिमल्याहून पुण्यास आले, त्याची ही खूण. या खात्याची थट्टा करणे हा तेव्हापासून पुणेकरांचा जन्मसिद्ध हक्कच होऊन बसला आहे. पण वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. अमक्या वाडीत गारा पडल्या, हे त्या वाडीतल्या माणसाने सांगितल्याखेरीज खात्याला नक्की कळावे तरी कसे?

शिरूर आणि दौंड हे तालुके घ्या. तिकडे घोड, इकडे भीमा, आणि दोन्ही पर्जन्यछायेतले. चैत्र-वैशाखात काढलेला कांदा शेतात पातीखाली झाकलेला असतो, आणि दुपारी चारला आभाळ काळवंडते. पर्जन्यमापक वाचायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला. तोवर गारांचे पाणी झालेले! ढगात गारा असाव्यात असा अदमास रडार करते खरे. पण पृथ्वी पडली गोल. दीडशे किलोमीटरवरच्या रडारचा झोत इथे पोहोचेतो जमिनीपासून दोन किलोमीटरहून अधिक उंच गेलेला असतो. खाली अंगणात काय पडले, ते अंगणातल्या माणसालाच ठाऊक.

अमेरिकेत म्हणून ‘स्कायवॉर्न’ नावाची हजारो स्वयंसेवकांची फौजच आहे. पूर्वी ही मंडळी टेलिफोनने आणि हॅम रेडिओने खबर देत. 2006 पासून ‘स्पॉटर नेटवर्क’ नावाचे सॉफ्टवेअर आले. निरीक्षक कुठे उभा आहे ते नकाशावर दिसते, आणि त्याने पाहिलेले तत्काळ हवामान कचेरीत पोहोचते. गारेचे माप ते नाण्यांनी आणि चेंडूंनी सांगतात. आपल्याकडे हरभरा, बोर, सुपारी, लिंबू अशी चढती श्रेणी तयारच आहे!

आपल्या हवामानखात्यानेही संकेतस्थळावर पाऊस, गारा, वादळ यांची नोंद कोणालाही पाठविता येईल अशी सोय केली आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज कडाडू लागली की इशारा देते. साधने आहेत; नोंदणारा हवा.

“आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे येते की!” असे शिरूरचे आमचे मामा म्हणतात. येते ना, पण कोणत्या गावचे आणि कोणत्या सालचे? 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपिटीने रान झोडपले, तेव्हाचा फोटो आज पाठविला तर कोण ओळखणार? नोंदीत गाव, वेळ आणि माप ही तीन हवीतच. दौंडहून शिरूरकडे निघालेला ढग ताशी चाळीस किलोमीटरने सरकत असेल, तर मध्ये तासाभराची सवड मिळते. तेवढ्यात कांद्यावर ताडपत्री पडते, गुरे गोठ्यात येतात, झाडाखाली थांबलेला गुराखी घरी पोहोचतो. खोटी हाकाटी दोनदा झाली, तर मात्र तिसऱ्यांदा कोणी ताडपत्री उचलणार नाही.

मे महिन्यात मुले आजोळी जातात, तेव्हा हे काम खुशाल त्यांच्यावर सोपवा. सेवानिवृत्त गुरुजी सोबत असले तर सोन्याहून पिवळे! फक्त विजा थांबल्याशिवाय कोणी अंगणात उतरायचे नाही. तोवर गार थोडी विरघळते, पण वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवली की निवांत मोजता येते. आमच्या मामींनी गेल्या खेपेची ठेवली आहे, आणि आल्यागेल्याला दाखवतात.