वेल्डरचे सेवापुस्तक

येथील मराठी मंडळाच्या गेल्या वार्षिक समारंभात एका विद्वान वक्त्यांनी आम्हां कारकून मंडळींची चांगलीच हजेरी घेतली. मराठी तरुण खुर्चीला चिकटला आहे, स्पर्धा-परीक्षांचे अर्ज भरण्यात त्याची उमेद सरते, आणि हाताला काळे लागेल या भीतीने तो कारागिरीच्या वाटेला जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप जुना आहे आणि बराचसा खराही आहे. आम्ही तो मान खाली घालून ऐकला. पण पुढे दाखला देताना ते म्हणाले, "तेलाच्या नि वायूच्या नळमार्गावरचा वेल्डर आज तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा अधिक कमावतो. त्याला कोणी विचारीत नाही की बाबा, तुझी पदवी कोणती!" सभेने टाळ्या वाजवल्या. आम्ही वाजवल्या नाहीत. का वाजवल्या नाहीत, ते सांगण्यासाठी हा लेख.

२०१९ साली आमच्या शेजारच्या खोलीत असा एक वेल्डर पाच महिने राहत होता. शहराबाहेरून वायूचा नळमार्ग टाकला जात होता, त्या कामावर तो आला होता. पूर्व उत्तर प्रदेशातला, आमच्याच वयाचा, आयटीआयचे प्रमाणपत्र मिळवलेला. तो आम्हांस 'बाबूजी' म्हणे, आम्ही त्यास 'मिस्त्रीजी' म्हणत असू. पहाटे पाचला कंत्राटदाराची गाडी त्याला नेई आणि दिवेलागणीनंतर आणून सोडी. रविवारी दुपारी तो आमच्या ओसरीवर बसे. त्याच्याकडूनच या धंद्याची ओळख आम्हांस झाली.

नळ सामान्यतः १२ मीटर लांबीचे येतात. म्हणजे एका किलोमीटरला ८० हून अधिक सांधे पडतात आणि हजार किलोमीटरला ८० हजारांहून अधिक. आपल्या देशातला हजीरा–विजयपूर–जगदीशपूर हा नळमार्ग घ्या. १९८० नंतरच्या दशकात तो टाकला गेला. त्याची लांबी सतराशे किलोमीटरांच्या घरात आहे. ज्या गुना जिल्ह्यातले विजयपूर त्याच्या नावात आहे, तो जिल्हा आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांना परका नाही. या एका मार्गाच्या पोटात किती सांधे असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. यंत्राने सांधण्याची सोय आता झाली आहे. पण ओढ्याच्या काठी, चढावर, वळणावर आणि चरात उतरून दोन तुकडे एकत्र करताना अजूनही माणसाचा हातच लागतो.

तो हात काय करतो? दोन नळांची तासलेली तोंडे समोरासमोर आणून त्यांत बारीकशी फट ठेवतात. पहिला थर, ज्याला ते 'रूट' म्हणतात, त्या फटीत आतपर्यंत वितळून बसला पाहिजे. तो बिघडला तर वरचे सगळे व्यर्थ. त्याच्यावर लगोलग 'हॉट पास', मग भरणीचे थर आणि शेवटी 'कॅप'. नळ फिरत नाही. माणूसच त्याच्याभोवती फिरतो. माथ्यावर उभ्याने आरंभ करायचा आणि तळाशी जमिनीवर पाठ टेकून संपवायचा. तळाच्या भागात तापलेल्या धातूचे थेंब अंगावर पडतात. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती विझण्याआधी हात थरथरला, की सांध्यात पोकळी राहते किंवा मळी अडकते. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात कातडी कोट, कातडी हातमोजे आणि तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. पंखा लावता येत नाही, कारण वाऱ्याने सांधा बिघडतो. वारा अडवण्यासाठी उलट ताडपत्रीचा आडोसाच करतात.

संध्याकाळी त्या सांध्याचे क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले जाते. जवळ वेल्डरचा क्रमांक लिहिलेला असतो, म्हणून दोष निघाला तर दोषी शोधावा लागत नाही. तो भाग घासून पुन्हा भरायचा. दुरुस्तीही न साधली तर तुकडाच कापून काढायचा. असे दोष फार निघाले, तर त्या क्रमांकाचा माणूस कामावरून जातो. आमच्या कचेरीतल्या टिपणांचे रोज संध्याकाळी कोणी क्ष-किरण छायाचित्र घेऊ लागला, तर आमच्यापैकी किती जण महिनाअखेर टेबलावर उरतील, हा विचार आमच्या मनात त्या रविवारी आला, आणि आम्ही विषय बदलला.

आता वक्त्यांच्या 'अधिक कमाई'कडे वळू. आकडे जुळवणे हा आमचा धंदाच आहे. मिस्त्रीजींच्या रोजाचा दर आमच्या एका दिवसाच्या वेतनापेक्षा खरोखरच मोठा होता. यात वक्ते चुकले नाहीत. पण आम्ही त्यांच्याबरोबर बसून सबंध वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा चित्र पालटले. पावसाळ्यात चर पाण्याने भरतात, काम थांबते आणि रोजही थांबतो. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंतचे दिवस बिनपगारी. नव्या कंत्राटदाराकडे गेले की हाताची परीक्षा नव्याने. तिचे दिवस, प्रवास आणि वाट पाहणे स्वतःच्या खर्चाने. खोलीचे भाडे स्वतःचे, गावाकडचा संसार वेगळा. शिवाय शेवटच्या महिन्याचे पैसे कंत्राटदार 'पुढच्या कामावर देऊ' म्हणून अडकवून ठेवी, म्हणजे माणूस बांधलेला राहतो. ही सगळी वजाबाकी झाल्यावर उरलेला आकडा आमच्या वार्षिक वेतनाच्या खाली गेला. मिस्त्रीजींनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बाबूजी, हे मला ठाऊक होते, फक्त लिहिले कधी नव्हते."

आणि वेतन म्हणजेच का सर्व काही? आम्हांस वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा आणि ८ दिवसांची किरकोळ रजा आहे. दूर बदली झाली तर मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके अनुदान, वर सामान नेण्याचा खर्च. मूळ गावी जाण्यासाठी दोन वर्षांतून एकदा सरकारी भाडे. या सवलतींसह आम्ही परप्रांतात राहतो, आणि तरीही आमच्या या नियतकालिकांत परक्या मुलखातील एकटेपणावर किती कविता छापून येतात! त्यांतल्या दोन-चार आमच्याही आहेत, म्हणून हे धैर्याने लिहितो. ज्याची बदली दर पाच महिन्यांनी होते आणि जिचा आदेशही निघत नाही, त्याच्या परदेशपणाची ओळ आम्ही कोठे वाचली नाही.

शरीराचा हिशेब तर त्याहून कठीण. काळी काच डोळ्यांवर घेण्याआधी क्षणभर ज्योत दिसली, की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. अशा दोन रात्री आम्ही पाहिल्या. मिस्त्रीजी कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि सकाळी पाचला गाडीत बसले. धुराचे दुखणे दिसत नाही, म्हणून ते अधिक वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत केली. हा रोग वर्षानुवर्षांनी प्रकटतो. तोवर वेल्डरने वीस कंत्राटदार आणि आठ राज्ये पालटलेली असतात. त्याने कोणाच्या दारात जाऊन सांगावे की हा धूर तुमचा होता?

कायदे नाहीत असे नाही. कायद्यांची फाइल आमच्या कपाटात जाडच आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा कंत्राटदाराने परराज्यातून आणलेल्या कामगाराला मासिक वेतनाच्या निम्म्याइतका, आणि निदान ७५ रुपये, विस्थापन-भत्ता देत असे. मिस्त्रीजींनी त्या भत्त्याचे नाव आमच्याच तोंडून प्रथम ऐकले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली नोंदणीला वर्षात ९० दिवसांचे काम लागे. त्यांचे काम त्याहून कितीतरी अधिक होते, पण तीन राज्यांत आणि चार मालकांकडे वाटलेले; दाखला कोणी द्यावा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. प्रत्येकास नियुक्तिपत्र द्यावे, स्थलांतरितास गावी जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, असे त्यांत आहे. ते चांगले आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. पण विस्थापन-भत्ता त्यांतून गळला. जो भत्ता मिळत नव्हता तो काढून टाकला, तर हानी काय, असे कोणी म्हणेल. हानी ही, की काल माणूस आपल्या हक्कासाठी भांडू तरी शकत होता.

याच्या शेजारी दुसरा एक कायदा ठेवून पाहा. नळमार्गासाठी शेतजमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा कायदा १९६२ चा आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, सरकार फक्त तिच्या पोटातून नळ नेण्याचा हक्क घेते. त्यासाठी राजपत्रात गावाचे नाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ छापावे लागते. हरकत घेण्यास २१ दिवस मिळतात. नुकसानभरपाईखेरीज बाजारभावाच्या १० टक्के रक्कम द्यावी लागते. शेतकऱ्याला एवढेही पुरत नाही, आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण निदान त्याच्या बांधाची नोंद राजपत्रात आहे. ज्याच्या डोळ्यांचा, फुफ्फुसांचा आणि कण्याचा वापर त्याच नळमार्गासाठी झाला, त्याची नोंद कोठे आहे?

नोंद आहे, पण ती सांध्याची आहे. कोणता सांधा, कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकाच्या वेल्डरने भरला, त्याचे छायाचित्र कसे आले, हे सारे कागद कंपनी जपून ठेवते, आणि ठेवलेच पाहिजेत. कारण उद्या स्फोट झाला तर उत्तर द्यावे लागेल. आमचे म्हणणे एवढेच, की त्या नोंदीची एक प्रत त्या माणसाची असावी. आम्हां प्रत्येक कारकुनाचे एक सेवापुस्तक असते. रुजू झाल्याच्या दिवसापासून निवृत्तीपर्यंतचे सारे त्यात उतरते. कचेरी बदलली तरी पुस्तक मागोमाग येते. त्याच्यावाचून आमचे निवृत्तिवेतन मंजूर होत नाही. तसे पुस्तक वेल्डरलाही द्यावे. कोठे किती दिवस काम केले, कोणती परीक्षा उतरला, किती सांधे निर्दोष निघाले, डोळ्यांची नि छातीची तपासणी केव्हा झाली, हे त्यात लिहावे, त्यावर मुख्य मालकाची सही असावी, केवळ कंत्राटदाराची नव्हे. मग नव्वद दिवसांचा दाखला मागत त्याला हिंडावे लागणार नाही, आणि वीस वर्षांनी धुराचा जाब विचारायचा झाला तर हातात कागद असेल.

याला दोन हरकती येतील, त्या आम्हांस ठाऊक आहेत. पहिली, प्रत्येक कामाची वेल्डिंगची पद्धत निराळी, म्हणून परीक्षा नव्याने घ्यावीच लागते. घ्यावी, सुरक्षेशी तडजोड करा असे आम्ही म्हणतच नाही. पण परीक्षा मालकाच्या गरजेची असेल तर तिच्या दिवसाचा रोज मालकाने द्यावा. दुसरी हरकत, एवढी नोंद ठेवणे अवघड. ही हरकत मात्र आम्ही ऐकूनही घेणार नाही. जी व्यवस्था ऐंशी हजार सांध्यांची एकेक नोंद ठेवू शकते, तिला ते सांधे भरणाऱ्या माणसांची नोंद अवघड जाते, हे कोणत्याही कारकुनाला पटणार नाही.

वक्त्यांच्या मूळ उपदेशाला आमचा विरोध नाही. मराठी मुलांनी जरूर वेल्डर व्हावे. ते कसब आमच्या टिपणलेखनापेक्षा कितीतरी कठीण आणि देशाला अधिक उपयोगी आहे. पण रोजाचा दर दाखवून मुलांना बोलवायचे आणि वर्षाचा हिशेब दडवायचा, हा प्रामाणिक उपदेश नव्हे. शिवाय 'तो आपल्यापेक्षा अधिक कमावतो' हे वाक्य पांढरपेशा सभेत म्हटले जाते, ते त्याचा गौरव म्हणून की त्याच्या हक्कांचा प्रश्न मिटला असे मानून घरी सुखाने जेवता यावे म्हणून, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे.

मिस्त्रीजी पाच महिन्यांनी गेले. नळात पाणी भरून दाब देण्याची चाचणी उतरली, चर बुजले, आणि पुढच्या हंगामात त्या पट्ट्यावर गहू उभा राहिला. खोली सोडताना त्यांनी आम्ही मांडलेला तो हिशेबाचा कागद मागून घेतला नाही, कारण तो त्यांच्याजवळच होता. त्यांच्या साऱ्या नोकरीत त्यांच्या नावाने लिहिला गेलेला तेवढाच एक कागद, आणि तोही शेजारच्या कारकुनाने फावल्या वेळी लिहिलेला. मंडळाच्या पुढील समारंभात वेल्डरच्या कमाईवर पुन्हा व्याख्यान ठेवायचे असेल, तर आधी या गोष्टीची लाज आपणां सर्वांना वाटावी, एवढीच आमची विनंती आहे.