माझा एक मित्र की मित्रांपैकी एक?

निकाल लागले की माझ्याकडे अर्जांची ये-जा सुरू होते. कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाचं प्रवेशासाठीचं पत्र. ‘जरा इंग्रजी बघून द्या’ एवढीच विनंती. त्यात एक प्रयोग हटकून चुकलेला सापडतो : ‘वन ऑफ माय फ्रेंड’. हवं ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’.

एवढासा ‘स’ राहिला तर काय बिघडलं? अर्थ कळतो, हे खरं. पण अर्ज वाचणारा आपल्याला ओळखत नसतो. त्याच्यासमोर तेवढा कागदच असतो.

ही चूक येते कुठून? आपण मनात म्हणतो, ‘माझा एक मित्र’. कन्नडमध्ये ‘नन्न ओब्ब गेळेय’. दोन्हीकडे मित्र एकवचनी. तोच आपण उचलून ‘ऑफ’च्या पुढे बसवतो. पण ‘वन ऑफ’ म्हणजे ‘पैकी एक’. आता ‘मित्रापैकी एक’ असं कुणी म्हणेल का? ‘मित्रांपैकी एक’च म्हणणार. कन्नडमध्येही ‘गेळेयरल्लि ओब्ब’. आपल्या दोन्ही भाषा इथं अनेकवचनच मागतात.

क्रियापदाचंही तसंच. ‘माझ्या भावांपैकी एक हुबळीत नोकरी करतो.’ भाऊ अनेक, पण ‘करतो’ त्या एकाचं. म्हणून ‘वन ऑफ माय ब्रदर्स वर्क्स इन हुबळी’, ‘वर्क’ नव्हे. भाऊ एकच असेल, तर ‘वन ऑफ’ नकोच. ‘माय ब्रदर’ पुरे.

पुढे ‘हू’ आलं की मात्र थांबून बघावं. ‘ज्या मुली खो-खो खेळतात, त्यांच्यापैकी ती एक.’ इथं ‘खेळतात’ हे सगळ्या मुलींचं. म्हणून ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू प्ले खो-खो’.

‘तुला इंग्रजी कुठं येतंय?’ असं आईला ऐकवणारी मुलं पुष्कळ घरांत आहेत. त्या आयांना माझं सांगणं आहे : मुलानं ‘वन ऑफ’ लिहिलं की विचारा, ‘ह्याचं आपल्या भाषेत काय, सांग बघू.’ उत्तर मराठीत येवो की कन्नडमध्ये, माणूस एक की अनेक हे तुम्हाला लगेच कळेल. मुलाचा राहिलेला ‘स’ तुम्हीच दाखवून द्याल.