जुन्या खेळांचे मोल आणि घडणावळ

छंदाला मोल नसते, असे आपण सहज म्हणतो. छंदाच्या वस्तूला मात्र मोल असते, आणि ते किती द्यावे हा प्रश्न अलीकडे आपल्या व्यवसायातील काही तरुण सहकाऱ्यांना पडू लागला आहे. वस्तू आहे जुने व्हिडिओ गेम. दूरचित्रवाणीला जोडायची ती यंत्रे आणि आपल्याकडची मुले जिला ‘कॅसेट’ म्हणत ती प्लास्टिकची डबी! १९९० च्या दशकात शेजारच्या घरी आपली पाळी येण्याची वाट पाहणारी मुले आज सल्लागार डॉक्टर झाली आहेत. शिक्षण लांबते, कमाई उशिरा सुरू होते. मग राहून गेलेले बालपण परदेशातून पार्सलने मागवावेसे वाटते. त्यात हसण्यासारखे काही नाही. नाणी, टपाल तिकिटे व ध्वनिमुद्रिका जमविणारे ज्येष्ठ आपल्यात आहेतच.

तथापि या बाजाराचे भान असणे आवश्यक आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची एक न उघडलेली प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी ‘सुपर मारियो ६४’ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेअकरा कोटी रुपयांना विकली गेली. हा खेळ काही दुर्मीळ नव्हे. १९९६ पासून त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या असून खोक्याविना, वापरलेली प्रत आजही शंभर डॉलरच्या आत मिळते. मग एवढा पैसा कशासाठी दिला गेला? न फाटलेल्या वेष्टनासाठी आणि प्रतवारी करणाऱ्या कंपनीने दिलेल्या गुणांकासाठी. पुढे २०२२ मध्ये अशा प्रतवारी कंपनीविरुद्ध, भाव कृत्रिमरीत्या फुगविल्याचा आरोप करीत ग्राहकांनी अमेरिकेत न्यायालयात दावा दाखल केला.

आपण इंदूरकर सराफ्याजवळ वाढलेले. दागिन्याच्या बिलात सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी, हे आपल्या घरातील आजीलाही ठाऊक असे. दागिना मोडायला नेला की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते. जुन्या खेळाच्या किमतीतही हे दोन भाग आहेत. खेळता येणाऱ्या, चालू प्रतीची किंमत हे त्यातले सोने. खोके, वेष्टन, गुणांक ही सारी घडणावळ. फरक एवढाच, की येथे घडणावळ सोन्याच्या शेकडो पट असू शकते आणि ती टिकेल याची हमी कोणीही देत नाही.

शिवाय वस्तूही अविनाशी नाही. झेल्डाच्या त्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जतन करण्यासाठी नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी असते. ती बंद वेष्टनातही क्षीण होतच राहते. येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. बॅटरी बदलल्यावर जुनी टेबलावर ठेवू नये. वीस मिलिमीटरची अशी बॅटरी बालकाच्या अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. आपल्या संग्रहाची ही किंमत कोणत्याही घराने मोजू नये.

मग खर्च किती करावा? औषधाची मात्रा आपण बालकाच्या वजनावर ठरवितो, शेजारच्या खाटेवरील बालकाच्या वजनावर नव्हे. छंदाची मात्राही आपल्याच घराच्या वजनावर ठरावी. कर्जाचे हप्ते, विमा, मुलांचे शिक्षण व आईवडिलांची तरतूद झाल्यावर उरलेल्या रकमेतून वर्षाचा एक आकडा पती-पत्नींनी मिळून निश्चित करावा आणि तो वस्तू पाहण्यापूर्वी करावा. मागितलेली किंमत न पाहता प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत पाहावी. टपाल व सीमाशुल्क त्याच आकड्यात धरावे. बनावट कॅसेट पुष्कळ आहेत. आतील सर्किटचे छायाचित्र मागण्यात संकोच नसावा. आणि सोन्याहून अधिक जे द्याल, ते पुन्हा मिळणार नाही असे समजूनच द्यावे. ‘ही गुंतवणूक आहे’ हे वाक्य मनात आले, की पाकीट मिटावे. गुंतवणुकीसाठी दुसरी साधने आहेत, त्यांचे हिशेब तरी तपासता येतात.

याचा अर्थ जुने खेळ घेऊच नयेत असा नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशातील जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज दुकानात अधिकृतपणे उपलब्धच नाहीत. म्हणजे एखादी चालू प्रत जपणारा डॉक्टर एका अर्थी इतिहासही जपतो. परंतु जपणे म्हणजे पेटीत बंद करणे नव्हे. ज्या खेळण्याला हात लावायचा नाही, ते खेळणे राहत नाही. आणि बाबांच्या कपाटातील ‘हात लावू नकोस’ या पाटीमागे मुलाला काय दिसते, याचा विचार आपण बालकांशी रोज बोलणाऱ्यांनी तरी करावा.

माझी संस्थेला एक नम्र सूचना आहे. येत्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात सदस्यांनी आपापली जुनी यंत्रे व कॅसेट आणाव्यात. सभागृहाच्या एका कोपऱ्यात दोन दूरचित्रवाणी संच मांडावेत आणि मुलांना पाळीपाळीने खेळू द्यावे. आईबाबांनीही रांगेत उभे राहावे. दिलेल्या पैशांतले सोने किती आणि घडणावळ किती, हे त्या दुपारी ज्याचे त्याला आपोआप कळेल.