आधी विश्रंभ, मग वाजीकरण

अष्टांग आयुर्वेदात वाजीकरणाला स्वतंत्र अंगाचे स्थान आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा, आणि ज्वरचिकित्सा त्यानंतर तिसऱ्या अध्यायात येते. ज्या शास्त्राने कामजीवनाचा विचार ज्वराच्याही आधी केला, त्याच शास्त्राच्या आजच्या अनुयायाने रुग्णाशी या विषयावर दोन वाक्ये बोलताना अडखळावे, ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करते. वाजीकरणाचे कल्प आपणांस मुखोद्गत असतात. परंतु लैंगिक तक्रार घेऊन आलेल्या माणसाला काय विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे आणि ऐकून झाल्यावर काय करावे, याचे पद्धतशीर प्रशिक्षण आपल्यापैकी किती जणांना मिळाले आहे? या प्रश्नाचा विचार संघटनेच्या पातळीवर व्हावयास हवा, असे आमचे मत आहे.

आपल्या भागात तर हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरला आणि गेल्या दोन-अडीच दशकांत चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत उद्योग पसरले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून आलेला हजारो तरुणांचा समुदाय येथे एकेका खोलीत चार-पाच जणांनी राहून पाळ्यांमध्ये काम करतो. कुणाचे लग्न ठरले आहे, कुणाची पत्नी गावी आहे, कुणाला नोकरीच्या कंत्राटाची शाश्वती नाही. झोप आठवड्यागणिक बदलते. चरकांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. या तरुणांचे पहिले दोन्ही उपस्तंभ डळमळीत आहेत; मग तिसऱ्याविषयीची चिंता त्यांना ग्रासते, यात नवल नाही. त्यातच २००७ साली राज्यातील शाळांमधील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबविण्यात आला. त्या काळात शाळेत असलेली पिढीच आज यंत्रांवर उभी आहे. तिचे शिक्षण भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींनी आणि मोबाइलच्या पडद्याने केले आहे.

असा तरुण मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. ‘वेड्यांचा डॉक्टर’ ही धास्ती त्याला आडवी येते. तो वैद्याकडे येतो, किंवा त्याआधी औषधाच्या दुकानात येतो आणि गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला उभा राहतो. ‘अशक्तपणा आहे’, ‘लघवीवाटे धातू जातो’, ‘कंबर दुखते’, ‘लग्न जवळ आले आहे’ एवढेच तो बोलतो. हा रुग्ण आपणांपैकी कुणालाही अपरिचित नाही. त्याला काय मिळते? बहुधा एक पाक, एक वटी आणि तीन महिन्यांनी पुन्हा येण्याची सूचना. औषध मिळाल्याने त्याची समजूत अधिकच पक्की होते, की आपल्याला खरोखरच मोठा रोग झाला आहे.

डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या तक्रारसमूहाला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. वीर्य जात असल्याची भीती, थकवा, निद्रानाश, उदासी आणि अपराधभाव असे त्याचे स्वरूप असते. पुष्कळदा ज्याला रुग्ण धातू समजतो, तो लघवीतील फॉस्फेटचा गढूळपणा असतो. परीक्षानळीत अॅसेटिक आम्लाचे काही थेंब टाकताच तो निवळतो. ही साधी चाचणी रुग्णासमोर करून दाखविली, तर ती महिन्याभराच्या औषधापेक्षा अधिक आश्वासक ठरू शकते. शिवाय ‘शुक्र हा सातवा धातू, तो गेला की सर्व गेले’ या भीतीला संहितेचा आधार आहे असे मानणाऱ्यांनी वाजीकरण अध्यायाचा चौथा पाद पुन्हा वाचावा. उसात रस, दह्यात तूप आणि तिळात तेल असावे त्याप्रमाणे शुक्र सर्व देहभर असते, असे तेथे सांगितले आहे. शुक्र म्हणजे थेंबाथेंबाने रिकामे होणारे मडके नव्हे. इतकेच नव्हे, तर सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे वेग धारण करू नयेत असे सांगितले, त्यांत शुक्रवेगही आहे.

त्याच चौथ्या पादात आचार्यांनी पुरुषाचे सामर्थ्य का लोपते याची कारणे मोजली आहेत. त्यांत धातुक्षयाच्या जोडीने भय आहे, शोक आहे आणि ‘अविश्रंभ’, म्हणजे परस्परविश्वासाचा अभावही आहे. सुश्रुतांनी क्लैब्याचे सहा प्रकार सांगताना प्रारंभ मानस क्लैब्यापासून केला. तेव्हा मनाचा विचार न करता वाजीकरण देणे ही आधुनिकांची नव्हे, तर आपल्याच आचार्यांची उपेक्षा आहे. सत्त्वावजय ही त्रिविध चिकित्सेपैकी एक. परंतु ती पुडीत बांधून देता येत नाही. ती बोलण्यातून आणि ऐकण्यातून द्यावी लागते, आणि बोलणे-ऐकणे हे कौशल्य शिकावेच लागते.

आता कायद्याची बाजू पाहू. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आरोग्य व्यावसायिकाची जी व्याख्या केली, तीत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांचा स्पष्ट समावेश आहे. हा मान आपल्या शास्त्राला मिळाला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु मानासोबत उत्तरदायित्व येते. त्याच अधिनियमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक रूढींशी न जुळणे हा मनोरोग ठरविण्याचा आधार असू शकत नाही, असेही बजावले. मानसरोगाचा चिकित्सक म्हणून ज्याला कायदा ओळखतो, त्याला मानवी लैंगिकतेचे ज्ञान नसावे, ही गोष्ट रुग्णाला परवडणारी नाही.

समलिंगी आकर्षण असलेल्या तरुणाचा प्रश्न येथे टाळून चालणार नाही. घरचे लोक त्याला ‘लग्नाआधी बरा करा’ म्हणून घेऊन येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ‘बदलण्याची चिकित्सा’ हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळविले. आपली नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आहे, म्हणून ते पत्र आपल्यासाठी नव्हते, असा युक्तिवाद कुणी करील. तांत्रिकदृष्ट्या तो कदाचित टिकेलही. परंतु जो रोग नाही त्यावर शोधन-शमन करणे कोणत्या संहितेत बसते? अशा चिकित्सेनंतर उरकलेल्या विवाहात दोन आयुष्ये होरपळतात, आणि त्यांतील एक आयुष्य अशा मुलीचे असते जिला कुणी काही विचारलेलेच नसते.

स्त्रियांच्या बाबतीत मौन याहून गडद आहे. अंगावरून पांढरे जाते, ही तक्रार ऐकताच श्वेतप्रदराचे औषध दिले जाते. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक असल्याचे दिसून आले. याचा अर्थ तपासणी टाळावी असा नव्हे; तपासणीच्या बरोबरीने घरची परिस्थिती, समागमातील वेदना आणि बळजबरी यांविषयी एकांतात, सासू वा पती यांना बाहेर बसवून विचारावे, असा आहे.

औषधविक्रेत्या बंधु-भगिनींना येथे स्वतंत्रपणे विनंती करावीशी वाटते. कामशक्ती वाढविण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाने बंदी घातली आहे. दर्शनी भागात लावलेला उत्पादकाचा फलकही जाहिरातच होय. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ‘शक्तिवर्धकां’त सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे देशोदेशींच्या औषध नियंत्रकांना आढळले आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याने असे उत्पादन घेतले तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. अर्ध्या तासात गुण येतो अशी ख्याती असलेल्या ‘आयुर्वेदिक’ गोळीकडे म्हणूनच संशयाने पाहावे. पन्नाशीच्या ग्राहकाला शिथिलतेसाठी परस्पर औषध देण्यापूर्वी त्याला रक्तशर्करा व रक्तदाब तपासण्यास सांगावे. कारण ही तक्रार मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची पहिली खूण असू शकते.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला, हा विषय आपल्या संस्कृतीत चारचौघांत बोलण्याचा नाही. महाराष्ट्रात हा आक्षेप नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, खटले व दंड सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ मराठी घरांत पोहोचले. चारचौघांत बोलू नये हे मान्य केले, तरी वैद्याचा कक्ष म्हणजे चारचौघे नव्हेत. दुसरा आक्षेप सहसा उघडपणे मांडला जात नाही: रुग्णाची भीती गेली, तर औषधाचा खपही जाईल. यास आमचे उत्तर असे, की भीतीवर उभा राहिलेला व्यवसाय भिंतीवर जाहिरात रंगविणाऱ्या भोंदूचा असतो. आपण त्याच्याहून निराळे आहोत, हे रुग्णाला आपल्या वर्तनातूनच कळणार आहे.

म्हणून संघटनेने आपल्या सभासदांसाठी रविवारी सकाळी तीन तासांची सहा सत्रे आखावीत, असे आम्ही सुचवितो. पहिल्यात शरीररचना व क्रिया, आणि ‘स्वाभाविक’ याची व्याप्ती, दुसऱ्यात वृत्तग्रहण, तिसऱ्यात चिंता, विषाद, मद्य, रक्तदाब व मनोविकारांवरील औषधे यांचे कामजीवनावरील परिणाम, चौथ्यात स्त्रियांचे प्रश्न, पाचव्यात लैंगिक कल, लिंगभाव आणि कायदा, सहाव्यात प्रत्यक्ष रुग्णांची, ओळख लपवून, चर्चा. कायद्याच्या सत्रात गोपनीयतेची मर्यादाही शिकवावी; बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मार्गदर्शनासाठी मानसरोगाचे आपले पदव्युत्तर वैद्य, मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना एकत्र बोलवावे. एड्सवरील संशोधनासाठी १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आपल्या भोसरीतच आहे; तेथील तज्ज्ञांनाही विनंती करता येईल. दुकानांतील सेवकांसाठी अर्ध्या दिवसाचा वेगळा वर्ग घ्यावा.

वृत्तग्रहणाच्या सत्राला सर्वाधिक वेळ द्यावा. ‘अशी अडचण अनेकांना येते, तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ या एका वाक्याने दार उघडते. ‘पत्नी’ न म्हणता ‘जोडीदार’ म्हटले, तर ज्याला पत्नी नाही तोही बोलू शकतो. ‘वाईट सवयी’ हा शब्द उच्चारला की मात्र दार बंद होते. उदास रुग्णाला आत्महत्येचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. तसे विचार येत असल्यास त्याला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवावे आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

वाजीकरणाचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. योग्य रुग्णाला, योग्य निदानानंतर ते द्यावेच. परंतु आचार्यांनी अविश्रंभाला कारण म्हटले आहे, तेव्हा विश्रंभ हा चिकित्सेचाच भाग ठरतो. पाळी संपवून, धीर एकवटून आलेल्या तरुणाला तो आपल्या दारी मिळावा, एवढी व्यवस्था आपण पुढील वार्षिक सभेपूर्वी करू शकतो.