मांडव्याला बाराही महिने दिवा लागू दे

युरोपच्या सहलीहून परतलेल्या मराठी माणसाला काय आवडलं असं विचारलं, की पॅरिस आणि रोमच्या जोडीने एखाद्या लहानशा गावाचं नाव हमखास निघतं. तळ्याकाठचं हालश्टाट, फ्रान्समधलं लाल दगडांचं कोलोंज-ला-रूज किंवा आल्प्समधलं लाकडी घरांचं एखादं खेडं. ही गावं अशी टिकली कशी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. निसर्गाची कृपा आणि तिथल्या लोकांची शिस्त, एवढ्यावर विषय मिटतो. खरं तर त्यामागे कायदे आहेत आणि कडाक्याची भांडणंही आहेत. १९८२ साली कोलोंजचे महापौर शार्ल सेराक यांनी फ्रान्समधल्या सुंदर खेड्यांची संघटना उभी केली. लोकसंख्या दोन हजारांच्या आत हवी आणि गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत, ही तिची अट. स्वित्झर्लंड आणखी पुढे गेलं. मार्च २०१२मध्ये तिथे सार्वमत झालं आणि ५०.६ टक्के, म्हणजे अगदी निसटत्या बहुमताने ठरलं की कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. मांडव्याच्या किनारपट्टीला आज असाच नियम हवा आहे.

मांडवा हे नाव देशभर पोचलं ते ‘अग्निपथ’मुळे, आणि २०१२च्या ‘अग्निपथ’मधलं मांडवा तर चित्रित झालं दीवला. खरं मांडवा मुंबईच्या गेटवेहून बोटीने तासाभरावर आहे, पण तिथे थांबतो कोण? जेटीवर उतरायचं, बस पकडायची आणि अलिबाग गाठायचं. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत मोटारही चढते, त्यामुळे वाटेत न थांबता थेट सुट्टीच्या बंगल्याच्या फाटकात शिरता येतं. वाटेत काय काय मागे पडतं ते पाहा. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८चा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्यांच्या या घरात आणि अंगणात कोळ्याची पोर आहे, म्हैस आहे, आजूबाजूची रोजची माणसं आणि जनावरं शिल्पांतून उभी आहेत. किहीमला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटं अर्धवट विणतो, मादी ते पसंत करून आत राहायला येते, मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी इथल्या पावसाळ्यात पाहिलं. थळच्या समोर खांदेरी आहे. महाराजांनी १६७९ साली त्या बेटावर तट उभारायला घेतला आणि २०२५मध्ये किल्ल्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. हालश्टाटला तळं आहे, डोंगर आहे, मिठाच्या खाणी आहेत. आपल्या या पट्ट्याजवळ त्याहून कमी काही नाही.

कमी होत चालली आहेत ती वर्षभर राहणारी माणसं. नारळी-पोफळीची वाडी ही नुसती झाडं नव्हेत. विहिरीचं पाणी पाटाने आळ्याआळ्यात फिरवायला, सुपारी उतरवून वाळत घालायला, गळालेल्या झावळ्या उचलायला रोज घरात कुणीतरी लागतं. वाडी विकली की तिथे सुट्टीपुरता बंगला, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव येतो, रस्त्याच्या कडेने उंच भिंत उठते आणि वाडीतून समुद्रावर जाणारी पायवाट बंद होते. सोमवारी सकाळी फाटकाला कुलूप. गेटवेच्या बोटी बंद असतात त्या पावसाळ्यात तर रांगेतल्या कित्येक घरांत माळ्याच्या खोलीखेरीज कुठेच दिवा दिसत नाही. याच अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला. खोतांची जमीन पडीक ठेवली आणि हाल सोसले. राबणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणारे पुढचे कायदे त्या लढ्याने जवळ आणले. त्याच तालुक्यात जमीन पुन्हा तिथे न राहणाऱ्या मालकांकडे चालली आहे, आणि ही गोष्ट मला फार लागते.

यावर पहिला आक्षेप असा की शेतकरी राजीखुशीने विकतो, मुलांची शिक्षणं आणि घरं त्याच पैशातून होतात, मग त्याला अडवणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बंदी विक्रीवर नको, वापरावर हवी. घर विकत घ्या, पण ते वर्षभर राहतं ठेवा किंवा राहणाऱ्याला भाड्याने द्या. भाव थोडा उतरेल हे खरं. पण आजच्या भावाने कोळीवाड्यातल्या तरुण जोडप्याला स्वतःच्या गावात दोन गुंठेही परवडत नाहीत, आणि गावठाण विस्ताराची मागणी तर वर्षानुवर्षं तशीच पडून आहे. बंगल्यांमुळे रोजगार मिळतो, हेही म्हटलं जातं. मिळतो, पण माळ्याचा, राखणदाराचा, मोलकरणीचा. गावात वर्षभर माणसं राहिली तर किराणा, दवाखाना, होडीदुरुस्ती, शाळा हे सगळं चालतं. शनिवार-रविवारच्या वस्तीवर शाळेचा पट भरत नाही.

खरा अवघड आक्षेप इंग्लंडमधून येतो. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या जुन्या मासेमारीच्या गावाने २०१६मध्ये मोठ्या बहुमताने ठरवलं की नवं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. झालं असं की बाहेरच्यांची नजर जुन्या घरांकडे वळली आणि नवी बांधकामं रोडावली. यातून मला दिसतं ते हे, की नियम एकट्या गावापुरता आणि फक्त नव्या घरांपुरता ठेवून भागणार नाही. तो मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत एकच असायला हवा आणि जुन्या कौलारू घरांनाही लागू व्हायला हवा. बंद राहणाऱ्या घराला घरपट्टी कितीतरी पटीने जास्त असावी आणि तो पैसा त्याच ग्रामपंचायतीने पाण्यावर आणि गावठाणावर खर्च करावा. त्यासाठी राज्याला कायदा करावा लागेल आणि आधी ग्रामसभांना तो मागावा लागेल. शेजारीच करंजा-रेवस पुलाचं काम चालू आहे. पूल झाला की मुंबईहून येणाऱ्याला बोटीची वाटही पाहावी लागणार नाही, आणि आज जेटीपासून दूर म्हणून वाचलेल्या वाड्यांना तेव्हा गिऱ्हाईक येईल. ग्रामसभांचे ठराव त्याआधी व्हायला हवेत.