कार्बोरेटर बदला म्हणे!



पॉवर वीडर वीस मिनिटं चालतो अन् बंद पडतो. दहा मिनिटं बसलं की परत चालू, परत वीस मिनिटांनी बंद. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, "कार्बोरेटर गेलाय, बदलावा लागेल." कुठलाही ताप असो, सलाईन लावणाऱ्या डॉक्टरसारखं झालंय हे.

गेल्या खरिपात माझंच झालं. कपाशीच्या चार फुटी पट्ट्यात वीडर घातला, जमीन काळी, वाफसा जेमतेम चार दिवसांचा. त्यातले दोन दिवस दुकानात गेले. आधी प्लग बदलला, मग कार्बोरेटर. साडेबाराशे रुपये मोजून घरी आलो, तर दुसऱ्या तासाला पुन्हा तेच. तोवर पाऊस आला. राहिलेलं तण बायांच्या खुरप्यानं काढलं, त्या मजुरीचा हिशोब इथं लिहीत नाही.

दोष कुठं होता? टाकीच्या झाकणात! झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत हवा यायला पाहिजे. नाही आली तर टाकी आतून ओढ धरते अन् पेट्रोल उतरायचं थांबतं. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, इंजिन चालू होतं, आणि आपल्याला वाटतं गरम झालं होतं. म्हणून बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि लगेच चालू झालं, तर दोष सापडला. खर्च एका टाचणीचा.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरखालच्या वाटीचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. आलंच नाही तर कॉक, नळी, गाळणी बघा. आलं आणि तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर ते पाणी. चोक ओढल्यावर चालतं, सोडला की मरतं, असं असेल तर जेटमध्ये घाण आहे. तेव्हा कार्बोरेटर खोलून धुवायचा असतो, फेकायचा नसतो. वाटी भरलेली, पण गरम असताना प्लगला ठिणगी नाही आणि गार झाल्यावर परत येते, तर कॉइल. (ठिणगी बघायच्या आधी सांडलेलं पेट्रोल पुसून बाटली लांब ठेवा, हात जपा.) उतारावरच बंद पडत असेल तर आधी ऑइल बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर ठिणगीच तोडतो.

आता पेट्रोलचं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल आपल्या उसाचंही असतं, माझं त्याच्याशी वैर नाही. पण ते हवेतली ओल धरतं, आणि आपलं यंत्र वर्षातले आठ महिने गोठ्यात उभं. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली असते. ती पुस्तिका कोण वाचून दाखवतं? हंगाम संपला की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, म्हणजे वाटी कोरडी राहते. एवढं सांगायला दुकानदाराला दोन मिनिटं लागली असती.

कोणी म्हणेल, मेकॅनिकच्या पोटावर का उठलात? अहो, शोधायची मजुरी घ्या ना, आनंदानं देतो. न शोधता भाग बदलायचे पैसे का द्यायचे? आणि कृषी खात्यातल्या साहेबांनाही विचारतो. महाडीबीटीवर अर्ज, सोडत, अनुदान, यंत्रासोबत फोटो, सगळं झालं. प्रात्यक्षिकात रस्सी ओढून इंजिन चालू करून दाखवलंत. बंद पडलेलं एकदा तरी दाखवलंत का?

माझा जुना कार्बोरेटर धुवून परत बसवलाय, यंदाची पहिली पाळी त्यावरच झाली. साडेबाराशेचा नवा गोठ्याच्या खिडकीत पडून आहे.