आधी मोजा, मग मुसक्या आवळा

आर्थिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र तपास यंत्रणा उभारण्याची कॅनडा सरकारची घोषणा स्वागतार्ह आहे. पण तक्रारीची खिडकी एकच होत नाही, तोवर या यंत्रणेवर आमचा भरवसा नाही.

कॅनडात २०२४ मध्ये फसवणुकीत ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेल्याची नोंद आहे. फसवणूकविरोधी केंद्राच्याच अंदाजानुसार जेमतेम ५ ते १० टक्के प्रकरणे नोंदवली जातात. टॅक्स खात्याच्या नावाने धमकावला गेलेला परदेशी विद्यार्थी फीचे पैसे गमावून गप्प बसतो. तो या हिशेबात येतच नाही. आणि आकडा लहान दिसला, की पोलिसांना मनुष्यबळही बेताचेच मिळते.

जे तक्रार करतात, त्यांचे काय? महालेखापाल कॅरेन होगन यांचा जून २०२४ चा अहवाल बोलका आहे. देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे २०२१ ते २०२३ मध्ये आलेल्या १०,८५० तक्रारींपैकी जवळपास निम्म्या कक्षेबाहेरच्या ठरल्या. जायचे कुठे, हेही अनेकांना सांगितले गेले नाही. टोलवाटोलवी ओटावातही चालते तर!

बँकांना प्रत्येक फसवणुकीची नोंद सक्तीची करा आणि तक्रारदाराला ठरावीक मुदतीत उत्तर द्या. हे बंधन यंत्रणेच्या कायद्यातच हवे.